बंद दारावरची हाक

नांदेडात कुणी नवीन माणूस भेटला आणि मी सगळी नोकरी जहाजावर केली हे त्याला कळलं, की त्याचे डोळे लगेच मोठे होतात. 'म्हणजे जहाज चालवायचात?' नाही. 'मग इंजिनात?' नाही. 'मग नेव्हीत?' तेही नाही. शेवटी मी सांगतो, 'प्रवासी जहाजावर खोल्यांच्या दारांची कुलपं दुरुस्त करायचो,' आणि समोरच्याचा चेहरा असा पडतो की मलाच त्याची दया येते. लातूरला एका लग्नात तर आमच्या व्याह्यांनी 'हे सलीमभाई, जहाजावर कॅप्टन होते' अशी माझी ओळख करून दिली. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने कोपर मारलं. त्या मांडवात जेवण होईपर्यंत मी कॅप्टन होतो.

पण खरं सांगू का, मला माझ्या कामाची लाज कधी वाटली नाही. कॅप्टन जहाज बंदराला लावतो हे ठीक आहे, पण त्याच्या खोलीचं दार उघडेना तेव्हा त्यानेही मलाच बोलावलं होतं.

कुलपं आमच्या घरातच होती. माझे अब्बा नांदेडच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीला टेकून लाकडी पेटी मांडून बसायचे आणि किल्ल्या बनवायचे. किल्ली हरवली, आत राहिली, दार ओढलं गेलं, असं सांगत लोक धावत यायचे. अब्बा हत्यारांची पिशवी घेऊन जायचे, पण कुलपाला लगेच हात लावायचे नाहीत. आधी दार ठोठावायचे, मोठ्याने हाक द्यायचे, मग शेजाऱ्याला बोलावून बाजूला उभं करायचे आणि त्यानंतर पिशवी उघडायचे. घरमालक वैतागायचा. 'अहो मियाँ, घर माझं, मी हा इथे उभा, आत कोण ओ देणार?' अब्बा शांतपणे म्हणायचे, "साब, अपनी आदत है. पहले आवाज दो, फिर हाथ लगाव." लहानपणी मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा. पुढे परदेशात एका गोऱ्या प्रशिक्षकाने आम्हाला जहाजाचा नियम शिकवला, की आधी ठोठावा, हाक द्या, थांबा आणि एकट्याने कधी उघडू नका. तेव्हा मी वर्गात एकटाच हसत होतो. तो म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, सर, हे मी बाजारात शिकून आलोय.

ज्यांनी असलं जहाज पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका बऱ्यापैकी गावाएवढी माणसं, एकावर एक मजले, आणि प्रत्येक मजल्यावर लांबच लांब बोळ, ज्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. किल्ली म्हणजे प्लास्टिकचं कार्ड. तेच दार उघडतं, तेच दाखवून जहाजावर चढायचं आणि उतरायचं. दाराच्या आतल्या अंगाला कुलपाचं यंत्र असतं, त्यात सेल असतात. सेल संपत आले की पिवळा दिवा लागतो आणि माझ्यासारखा माणूस शिडी-पिशवी घेऊन येतो. पाहुण्याचं कार्ड त्याच्या एका खोलीपुरतं. खोल्या साफ करणाऱ्यांचं कार्ड त्यांच्या बोळापुरतं, तेही ड्यूटीच्या वेळेतच. आणि पाहुण्याने आतून खिट्टी फिरवली, की यातलं एकही कार्ड चालत नाही. त्या खिट्टीला भारी पडणारं एकच कार्ड असतं. ते तांबडं कार्ड सुरक्षा अधिकाऱ्याच्या ताब्यात असतं आणि ते वापरायला दोन माणसं लागतात. म्हणजे पुन्हा अब्बांचा शेजारीच आला.

आणि हाक. त्या हाकेवर आमचं सगळं शास्त्र उभं होतं. बोटांच्या पेरांनी ठोठावायचं, कार्डाने टकटक करायची नाही. आपण कोण ते सांगायचं. थांबायचं. असं तीनदा. मग दार हातभर उघडून पुन्हा हाक द्यायची आणि मगच पाऊल आत टाकायचं. नवीन पोरांना हे जाचायचं, पण एकदा एखाद्या बाईच्या किंकाळीने त्यांची शिकवणी झाली की पुढे कुणी विसरायचं नाही.

गमतीही खूप झाल्या. जहाजाच्या खोलीत न्हाणीघराचं दार आणि बाहेरचं दार शेजारी-शेजारी असतं. एका सकाळी एक भारदस्त गृहस्थ झोपेत न्हाणीघर समजून बाहेरच्या दारातून निघाले आणि ते दार आपलं आपण मागे लागलं. मी बोळात वळलो तर साहेब भिंतीला पाठ लावून उभे. अंगावर सूत नाही, पुढे कुणीतरी बाहेर ठेवलेला नाश्त्याचा ट्रे धरलेला. म्हणाले, दार उघड. आता नियम असा की ओळख पटल्याशिवाय कुणालाही दार उघडून द्यायचं नाही. मी सवयीने विचारलं, "सर, कार्ड?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही हसू आवरत नाही. मी आधी माझं जाकीट दिलं, मग स्वागतकक्षाला फोन लावला. त्यांनी नाव आणि जन्मतारीख विचारली, माझ्या हातातल्या यंत्रावर फोटो आला. फोटोत साहेबांनी सूट घातला होता, त्यामुळे ओळखायला मला जरा वेळ लागला. पुढची सगळी सफर ते गृहस्थ मला पाहिलं की बोळ बदलायचे. जाकीट मात्र धुऊन, इस्त्री करून परत आलं.

या नोकरीने मला एक खोड लावली. सुट्टीवर नांदेडला आलो की मी स्वतःच्या घराचं दार ठोठावायचो. दार सताड उघडं असायचं, शबाना समोर भाजी निवडत बसलेली असायची आणि मी उंबऱ्यात उभा राहून पेरांनी टकटक करायचो. ती आतल्या मुलींना ओरडून सांगायची, "बाहर देखो गे, हाउसकीपिंगवाले आए!" सगळं घर हसायचं, मीही हसायचो. पण खरं सांगायचं तर तेव्हा आपण आपल्याच घरात पाहुणे झालो असं वाटायचं. अब्बा गेले तेव्हाही मी समुद्रावर होतो. त्यांच्या पेटीला कुलूप लावलं ते शेजारच्या दुकानदाराने. एवढ्या दारांपाशी मी वेळेवर पोचलो आणि त्या एका दारापाशी नाही, याचं दुःख माझं माझ्यापाशी आहे.

पण दिवाळी अंकात रडगाणं नको. मला तुम्हाला अनसूयामावशींची गोष्ट सांगायची आहे.

माझ्या शेवटच्या काही सफरींपैकी एक. जहाज सिंगापूरहून निघणारं. तक्रार आली की एका खोलीचं दार नीट लागत नाही. मी गेलो, दार पाहिलं, दार आपोआप लावणारी स्प्रिंग तपासली, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार. पुन्हा गेलो, पुन्हा ठीक. तरी स्प्रिंग थोडी कडक करून आलो. पुन्हा तक्रार. या वेळी मी जिन्यातूनच पाहिलं, तर त्या दाराच्या फटीत एक चप्पल आडवी पडलेली, आणि आतून आवाज आला, "अगं माय, किती पानी हाय हे! अन् एक घोटभर पेता येत न्हाई!"

हा आवाज ऐकून माझे पायच थबकले. इतकी वर्षं जगभरच्या भाषा ऐकत होतो, पण आपल्या मुलखाची बोली आणि तीही अशी मोकळी, समुद्राच्या मधोमध! मी ठोठावलं आणि नेहमीचं 'मेंटेनन्स' म्हणायचं सोडून विचारलं, "मावशी, कोन्या गावच्या?"

एक ठेंगण्या, नऊवारीतल्या बाई दारात आल्या. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मुखेडच्या पलीकडं ऱ्हातो आमी. तू?"

"मी नांदेडचा."

"मंग आत ये की! उंबऱ्यात कामून उभा राह्यलास?"

नाव विचारलं, सलीम सांगितलं. म्हणाल्या, "आमच्या गावात सलीम टेलर हाय, लई चांगला मानूस. तुझा कोन?" मी म्हटलं, कोनी न्हाई. त्यांना ते फारसं पटलं नाही. पिशवीतून ज्वारीचा धपाटा काढून हातावर ठेवला. ड्यूटीवर पाहुण्याकडचं खायचं नाही असा नियम आहे. मी त्यांच्या भिंतीकडे तोंड करून खाल्ला.

चपलेचा उलगडा मग झाला. मावशींचा धाकटा मुलगा दत्ता पुण्याला नोकरीला. तो, त्याची बायको आणि दोन मुलं शेजारच्या खोलीत. एका खोलीत चौघंच राहू शकतात, म्हणून मावशींना ही खोली एकटीला मिळाली होती. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे चपला दाराबाहेर, बोळात काढल्या. तो बोळ साफ करणारी मारिसेल, फिलिपिन्सची, स्वभावाने गरीब मुलगी. तिला वाटलं कुणीतरी चपला विसरलं, तिने त्या हरवलेल्या सामानात जमा केल्या. मावशी दिवसभर अनवाणी. चपला परत मिळाल्यावर त्यांनी ठरवलं की आता बाहेर ठेवायच्या नाहीत आणि घरात तर चप्पल न्यायची नाही. मग राहिला उंबरा. चपला उंबऱ्यावर, त्यामुळे दार उघडं, आणि उघडं दार तर त्यांना हवंच होतं.

आता जहाजावर उघडं दार ही साधी गोष्ट नाही. गस्तीवरच्या शिपायाने दोनदा समज दिली होती. दत्ता ओशाळून आईला चार वेळा सांगून गेला होता. शेवटी सुरक्षा अधिकारी डंकन स्वतः आले. उंच, लाल चेहऱ्याचे, पूर्वी सैन्यात होते, हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी दत्ताला सांगितलं की पुन्हा हे दार उघडं दिसलं तर तुमच्या आई तुमच्या खोलीत येतील आणि तुमच्या मिसेस या खोलीत राहतील. दाराची जबाबदारी ज्याला कळते त्याच्याकडेच कार्ड राहील.

दत्ताच्या बायकोने बिचारीने लगेच मान डोलावली. मी सोडून सगळे गेल्यावर मावशी पलंगावर बसल्या आणि पदराच्या गाठीतून ते कार्ड काढून तळहातावर धरलं.

"सलीम, माझ्या जल्मात मला खोली न्हवती रे. लग्नाआधी सा बहिनी एका वाकळंवर. मंग सासर. किल्ल्या सासूच्या कमरंला. सासू गेली तवर सून आली व्हती, किल्ल्या तिच्या कमरंला गेल्या. माझ्या कमरंला काई आल्याच न्हाईत. ही पह्यली किल्ली हाय माझी. अन् हे बी काढून घेऊन राह्यले."

मी म्हटलं, "मंग मावशी, दार लावा ना. एवढंच तर म्हनून राह्यलेत ते."

"कामून लावायचं? घरात कोन मेलंय का?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, "मावशी, कडब्याच्या गंज्या तुम्ही एकाला एक चिटकून लावता का?"

"येडा हाईस का? एकीला लागली तर समद्या जातील. मधी अंतर ठिवावं लागतं."

"हितं अंतर ठिवायला जागा न्हाई. म्हनून मधी दारं हायत. हे दार आगीला अडवतं. एका खोलीत लागली तर दुसरीत जाऊ देत न्हाई. पन लावलेलं असलं तर."

मावशी उठल्या, दाराला हात लावून पाहिला, जाडी बघितली. "आसं सांगावं की मंग. त्यो तांबडा बाप्या नुसता बोट दाखवून राह्यला." चपला उचलून आत घेतल्या, कोपऱ्यात वर्तमानपत्रावर ठेवल्या. मला वाटलं, काम झालं.

पण त्या तिथेच उभ्या राहिल्या. "समजलं रे. पन लावलं की मला कसंतरीच व्हतं. आमच्या गल्लीत दिवसा दार लावलेलं दिसलं की मानूस हाक न देता पुढं जातं. उघडं असलं की जाता-येता म्हनतं, हाय का घरात? अन् बसतं घडीभर. हितं दार उघडं ठिवलं तरी कोनी बोलंना, मंग लावल्यावर तर काय, मी हाय का न्हाई, कुनाला कळायचं?"

म्हणजे कुलूप, स्प्रिंग, चप्पल हे सगळं निमित्त होतं. त्या माउलीला खोली हवी होती, पण खोलीबरोबर येणारा शुकशुकाट नको होता. आणि दुखणं कळल्यावर मला औषध एका क्षणात सापडलं, कारण ते आमच्याकडे आधीपासूनच होतं. जहाजावरचा प्रत्येक नोकर बंद दारावर हाक देतोच की! फक्त ती हाक मावशींना कळत नव्हती.

मी मारिसेलला बोलावलं आणि शिकवलं, या दारावर 'हाउसकीपिंग' म्हणायचं नाही. ठोठावायचं आणि म्हणायचं, 'हाय का घरात?' ती खिदळत म्हणाली, "आय का गरात?" म्हटलं, चालेल. तिने पलीकडच्या बोळातल्या इंडोनेशियाच्या पोराला शिकवलं. त्याने कपडे धुणाऱ्याला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या बोळातून जाणारा जो तो, काम असो नसो, मावशींच्या बंद दारावर टकटक करून विचारायचा, "आय का गरात?" आणि आतून खणखणीत उत्तर यायचं, "हाव, हाय! या!" दार उघडायचं, कुणाच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू पडायचा, कुणाच्या डोक्यावरून हात फिरायचा आणि दार पुन्हा लागायचं. मी इतकी वर्षं दारं सांभाळली, पण असं उघडमीट करणारं सुखी दार पाहिलं नव्हतं. डंकनसाहेबांचा शिपाई येऊन गेला, त्याला दार बंद मिळालं. लाडूही मिळाला.

मावशींना आता दाराची गोडी लागली. एकदा म्हणाल्या, "ही आतली खिट्टी कशाची?" मी दाखवली. फिरवली की टक् वाजतं आणि मग बाहेरून कुणाचंच कार्ड चालत नाही. "माझ्या लेकाचं बी न्हाई?" "न्हाई." "सुनंचं?" "न्हाई." "तुझं?" "माझं बी न्हाई." त्यांनी ती खिट्टी फिरवून टक् केलं, उघडली, पुन्हा टक् केलं. लहान पोरीसारखं हसू तोंडभर.

आणि तीच खिट्टी आमच्या अंगाशी आली. त्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागणार नव्हतं, नुसतं पाणी. जेवणानंतर मारिसेल धावत माझ्याकडे आली. "सलीम, लोला उत्तर देत नाही." लोला म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. मी गेलो. ठोठावलं. "मावशी, हाय का घरात?" काही नाही. पुन्हा. पुन्हा. मारिसेलचं कार्ड लावलं तर लाल दिवा. आतून खिट्टी लावलेली. म्हणजे मावशी आत आहेत आणि ओ देत नाहीत.

दत्ता शेजारून आला. त्याचा रंग उडाला. "आई! आये!" करून त्याने दारावर दोन्ही हात आपटले. म्हणाला, "तिला बीपी आहे. खोली घेतानाच मी म्हटलं होतं, तिला एकटीला ठेवू नका." मला तर काही सुचेना. ती खिट्टी मी शिकवली होती. ज्या दाराचा मला एवढा आनंद झाला होता, त्याच दाराकडे बघवेना.

डंकनसाहेब तांबडं कार्ड घेऊन आले. मला म्हणाले, दुसरा माणूस तू. तशा घाईतही त्यांनी पद्धत सोडली नाही. ठोठावलं, नाव सांगितलं, थांबले. तीनदा. त्या थांबण्याइतका लांब वेळ मी आयुष्यात अनुभवला नाही. मग कार्ड लावलं. टक् झालं. दार हातभर उघडून पुन्हा हाक. आणि आम्ही आत.

पलंग रिकामा. न्हाणीघर रिकामं. मग माझं लक्ष पडद्याकडे गेलं. पडद्यामागे काचेचं दार, त्यापलीकडे गॅलरी आणि गॅलरीत मावशींची पाठ. चवड्यांवर उभ्या राहून, शेजारच्या गॅलरीच्या आडोशावरून हात पलीकडे घालून त्या कुणाला तरी काहीतरी देत होत्या. मी काचेचं दार सरकवलं आणि वाऱ्याबरोबर आवाज आत आला. "खाऊन तर बघ! तिखट न्हाई लई!" पलीकडे एक जर्मन आजीबाई शेंगदाण्याची चटणी खाऊन डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होत्या. एवढ्या वाऱ्यात आणि लाटांच्या आवाजात मावशींना आमची एक हाक ऐकू गेली नव्हती.

मावशी वळल्या. खोलीत मी, दत्ता, मारिसेल आणि मध्ये तो उंच लाल माणूस. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"कोन आत आलंय हे? हाक न मारता आलात व्हय? मी खिट्टी लावली व्हती!"

दत्ता खाली बसून रडत होता आणि हसत होता. "आये, दहा हाका मारल्या गं!"

"मला एकबी ऐकू आली न्हाई. मंग ती हाक कसली?" त्यांनी डंकनसाहेबांकडे बोट केलं. "सलीम, ह्यांला सांग. बाईमानसाच्या खोलीत आसं येत न्हाईत."

मी सांगावं की नाही या विचारात पडलो. शेवटी शब्दाला शब्द सांगून टाकलं. डंकनसाहेबांनी टोपी काढली. मावशींना लवून सॉरी म्हणाले. मग जे केलं ते माझ्या अख्ख्या नोकरीत मी कुठल्या अधिकाऱ्याला करताना पाहिलं नाही. आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतः बाहेर आले, दार ओढून लावलं. बोळात माझ्याकडे वळून हळूच विचारलं, काय म्हणायचं असतं? मी सांगितलं. त्यांनी पेरांनी तीनदा ठोठावलं आणि भरदार आवाजात म्हणाले, "हाय का घरात?"

आतून थोडा वेळ काहीच नाही. मुद्दाम, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मग, "हाव, हाय! या!"

त्या दिवशी डंकनसाहेबांनी धपाटा उभ्याने खाल्ला, भिंतीकडे तोंड न करता. जाताना दत्ताला म्हणाले, माझ्या जहाजावरचं सगळ्यात नीट लावलेलं दार तुमच्या आईचं आहे. खोली बदलायचा विषय पुन्हा निघाला नाही. गॅलरीत जाताना खिट्टी काढून ठेवायची, एवढं मावशींनी कबूल केलं.

उतरायच्या सकाळी त्यांनी मला कार्ड दाखवलं. "हे आता उघडंल का?"

"न्हाई मावशी. आता हे कोनतंच दार उघडत न्हाई. आठवन म्हनून ठिवा."

"न उघडनारी किल्ली ठिवून काय करू?" असं म्हणाल्या, पण पदराला गाठ मारून ठेवलंच. जिन्याच्या तोंडाशी मारिसेल, इंडोनेशियाचा पोरगा, धोबी, सगळे उभे. मावशींनी प्रत्येकाची अलाबला घेतली आणि मला म्हणाल्या, "घरी गेल्यावर मला कुठली खोली?" त्या हसत होत्या, पण मला ते वाक्य पुढे बरेच दिवस झोंबलं.

नोकरी संपवून मी नांदेडला आलो. अब्बांच्या पेटीच्या जागेजवळच एक छोटा गाळा मिळाला. वरची पाटी नवी, खाली ठेवलेली पेटी तीच. एका दुपारी दुकानासमोर दोन बायका उभ्या राहिल्या. एक तरुण, एक ठेंगणी, नऊवारीतली. ठेंगणीने पदराची गाठ सोडून एक प्लास्टिकचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "हे चालंना झालंय. दुसरं दे."

मी गाळ्यातून कसा बाहेर आलो मला आठवत नाही. मी पायाला हात लावायला वाकलो, तर त्यांनी मधेच धरून गालावरून बोटं मोडली. मुखेडच्या एसटीतून उतरून सगळ्या बाजारात 'जहाजाच्या कुलपाचा सलीम कुठं बसतो' असं विचारत आल्या होत्या. बरोबर होती ती थोरली सून, गावातली. तिनेच सांगितलं, "आत्याबाई आल्या तशा एकच धोशा लावून बसल्यात. बियान्याची खोली रिकामी करून द्या म्हनत्यात. खताची पोती काढली, चुना मारला. आता कुलूप बशीवनारा तुम्हीच पायजे म्हनं, दुसरा कुनी न्हाई."

मी दुसऱ्या दिवशीच गेलो. सिमेंटचं घर, पुढे पत्र्याची सावली, आणि कडेला ती खोली. आत एक लोखंडी कॉट, एक ट्रंक, भिंतीवर समुद्राचा फोटो. मी सगळं आयुष्य कार्डांच्या कुलपांत घालवलं, पण त्या दाराला मी अब्बांच्या हातचं असावं तसं साधं, दणकट कुलूप बसवलं. बाहेरून किल्ली, आतून खिट्टी. खिट्टी फिरवली, टक् झालं. मावशींनी मान डोलावली.

कुलपाबरोबर तीन किल्ल्या होत्या. एक मावशींनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. दुसरी सुनेच्या हातात दिली. तिसरी शेजारच्या गिरजाबाईंना हाक मारून त्यांच्या हातात. म्हणाल्या, "ह्या तांबड्या कार्डाच्या किल्ल्या हायत. खिट्टी लावलेली नसताना मी ओ दिली न्हाई तरच वापरायच्या. एकटीनं उघडायचं न्हाई, दोघींनी मिळून. अन् आधी तीनदा हाक. सलीम, बराबर हाय का?"

"बराबर हाय," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते, हत्यारं आवरायचं निमित्त करून मी मान खाली घातली. अब्बांचा शेजारी मुखेडच्या पलीकडे जाऊन पोचला होता.

"खिट्टी लावलेली आसली तर मंग काय?" सुनेने विचारलं.

"मंग समजायचं, आत्याबाई आराम करून राह्यल्यात. आवाज तर देईन की!" मावशी म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "चल, आता बघू चालतंय का." त्या आत गेल्या. भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, दार लावून घेतलं. आतून टक् झालं.

गिरजाबाई, सून, समोरच्या ओट्यावरची माणसं, सगळे बघत होते. मी पुढे झालो. बोटांच्या पेरांनी ठोठावलं, आयुष्यभर ठोठावलं तसंच. थांबलो. मग हाक दिली, "मावशी, हाय का घरात?"

"हाव, हाय!" आतून खणखणीत आवाज आला. "पन आत्ता न्हाई उघडत मी. जरा पडते. तू सुनंकडून च्या पिऊन जा."